कारखाना हलतो तेव्हा माणसं एकत्र कशी ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा: भोसरीत इंजिनाचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. तो मध्यंतरी एका मोठ्या समूहाने विकत घेतला. येत्या वर्षभरात भोसरी आणि छत्रपती संभाजीनगरजवळचं वाळूज ही दोन्ही युनिटं चाकणच्या नव्या प्लँटमध्ये एकत्र करायची आहेत आणि बरंचसं काम इलेक्ट्रिक गाड्यांच्या भागांकडे वळणार आहे. सगळे मिळून चारशेच्या आसपास माणसं. त्यातले दीडशे परमनंट, बाकी कंत्राटी आणि ट्रेनी. चाळीसेक महिला, सहा कर्णबधिर कामगार. हेड ऑफिसने 'सर्वांना सामावून घेणारं, जोडलेलं कामाचं ठिकाण' असं उद्दिष्ट दिलंय आणि कार्यक्रमांसाठी एक एजन्सीही नेमलीय. एच. आर. मॅनेजर विचारतात, सुरुवात कुठून करू?

उत्तर:

एजन्सीने काय सुचवलं असेल याचा अंदाज आहे. टाउनहॉल, सगळ्यांना एका रंगाचे टी-शर्ट, 'आपण सारे एक परिवार' असा बॅनर आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. माझा त्याला विरोध नाही, ऑर्केस्ट्रा लोकांना आवडतो. पण तो चाकणला घडी बसल्यावर ठेवा. आत्ता लोक जमतील ते एकच ऐकायला: माझी नोकरी राहणार का? आणि नेमकं तेवढं सोडून बाकी सगळं स्टेजवरून बोललं जाईल.

पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात कार्मिक विभागातच माझी हयात गेली. त्यावरून सांगतो, बदलाच्या काळात कारखान्यात आपला कोण आणि परका कोण हे दोनच गोष्टींवरून ठरतं. बातमी कुणाला कधी कळते आणि बदलाचा त्रास कुणाच्या वाट्याला किती येतो. या दोन वाटण्या तुम्ही नीट केल्यात तर उरलेलं बरंचसं लोक आपसांत जमवून घेतात. त्या चुकल्या तर बॅनरवर काहीही लिहा.

आधी एक ध्यानात घ्या. 'शिफ्टिंग' हा शब्द या पट्ट्यात साधा नाही. २००७ साली बजाज ऑटोने आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं, ते बघितलेली माणसं अजून इथे राहतात, त्यांची मुलं आज तुमच्याकडे कामाला असतील. तळेगावला जनरल मोटर्सने डिसेंबर २०२०मध्ये गाड्या बनवणं बंद केलं, हजाराहून जास्त कामगारांचा प्रश्न कोर्टकचेरीत गेला आणि २०२३मध्ये तो प्लँट घ्यायचा करार ह्युंदाईने केला. त्यामुळे तुम्ही 'घाबरायचं काही कारण नाही' असं म्हणालात की कामगार मनात म्हणतो, म्हणजे नक्की काहीतरी आहे. हे वाक्य तुमच्या सगळ्या भाषणांतून काढून टाका.

बातमीपासून सुरू करू. बहुतेक कंपन्यांत ती वरून खाली येता येता दोन ठिकाणी अडते. पहिलं ठिकाण म्हणजे सुपरवायझर. मॅनेजरना मीटिंगमध्ये सांगितलं जातं, कामगारांना नोटीस बोर्डवर वाचायला मिळतं आणि मधल्या सुपरवायझरला दोन्हीकडून कुणीच काही सांगत नाही. लाइनवरचा माणूस प्रश्न विचारतो तो मात्र त्यालाच. तो बिचारा एकतर 'मला माहीत नाही' म्हणतो आणि त्याची पत जाते, नाहीतर ठोकून देतो आणि ते तुम्हाला महिनाभर निस्तरावं लागतं. शिवाय त्यालाही धास्ती असतेच, दोन युनिटं एकत्र झाली की एका लाइनला दोन सुपरवायझर कोण ठेवणार? म्हणून कुठलीही मोठी घोषणा असेल तर आदल्या दिवशी सुपरवायझरना बसवा, त्यांच्या स्वतःच्या जागांचं काय होणार ते आधी सांगा, मग बाकीचं. लोक काय विचारतील ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या, त्यांना ते बरोब्बर ठाऊक असतं.

नोटीस बोर्डवर तीन रकाने करा: काय ठरलं, काय ठरायचं आहे, ते कोणत्या तारखेपर्यंत ठरेल. दर सोमवारी बदला. काहीच नवीन नसलं तरी तारीख घालून 'या आठवड्यात बदल नाही' एवढं लिहा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दुसऱ्या रकान्याची किंमत फार मोठी. 'वाळूजच्या लोकांचा घरभाडे भत्ता: ठरायचं आहे, १५ तारखेपर्यंत' असं मॅनेजमेंटने स्वतः लिहिलेलं पाहिलं की माणूस पहिल्या रकान्यावरही विश्वास ठेवतो. तारीख चुकली तर खोडू नका. जुनी तारीख रेघ मारून तिथेच राहू द्या, शेजारी नवी लिहा आणि कारण लिहा.

टाइम ऑफिसमध्ये एक वही ठेवा, अफवांची. काय ऐकलं ते कुणीही लिहावं, नाव न घालता. टाइमकीपर, गेटवरचा सिक्युरिटी आणि चहावाला या तिघांना कंपनीतलं सगळं आधी कळतं, त्यांना सांगितलंत तर वही भरायला वेळ लागणार नाही. उत्तर देताना अफवा ज्या शब्दांत आली त्याच शब्दांत लावा. 'साहेब लोकं चाकणला बिहारची पोरं भरणार आणि आपल्याला व्हीआरएस देणार' असं कुणी लिहिलं असेल तर ते गुळगुळीत करून 'मनुष्यबळ नियोजनाबाबत खुलासा' असं करू नका. मग ते कुणीच वाचत नाही.

बातमी अडते ते दुसरं ठिकाण कंत्राटी कामगारांपाशी. इथे तुमचे कायदा सल्लागार एक गोष्ट सांगतील आणि ती खोटी नाही: कंत्राटी कामगारांना कंपनीने थेट सूचना दिल्या, थेट पत्रं दिली, तर उद्या कोर्टात कंत्राट हा नुसता देखावा आहे, ही खरी कंपनीचीच माणसं आहेत, असा मुद्दा निघू शकतो. या भीतीपोटी कंपन्या त्यांना काहीच सांगत नाहीत आणि ठेकेदार तर त्याहून काही सांगत नाही, कारण चाकणला त्याचंच कंत्राट राहणार की नाही हे त्याला ठाऊक नसतं. म्हणजे तुमच्या चारशेपैकी निम्म्याहून जास्त माणसांना पहिली बातमी चहाच्या टपरीवर मिळते. यातून वाट अशी काढा. ठेकेदाराच्या लेटरहेडवर नोटीस निघू द्या, मजकूर तुम्ही आणि त्याने बसून ठरवा, मराठी आणि हिंदीत. सभेला ठेकेदाराचा सुपरवायझर बोलेल, तुम्ही शेजारी उभे राहा आणि जागा, बस, कँटीन, सुरक्षितता या गोष्टींवर उत्तरं द्या. त्या बाबतीत मूळ मालक म्हणून तुमची जबाबदारी तशीही आहेच. तरी वकिलाला एकदा विचारून घ्या, पण 'बोलू नका' हे उत्तर स्वीकारू नका. 'कसं बोलू' हे विचारा.

आणि नव्या जागी ठेकेदार बदलणार असेल तर या लोकांचं खरं नुकसान तिथे होतं. जुना ठेकेदार हिशेब पूर्ण करत नाही, ग्रॅच्युइटीचं नाव काढत नाही, पी.एफ.च्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीखच टाकत नाही. सहा वर्षं काम केलेला वेल्डर नव्याकडे पहिल्या दिवसाचा नवखा होतो. जुन्याचं शेवटचं बिल हातात असतं तोवरच तुमचा वट असतो. प्रत्येक कामगाराचा हिशेब, खात्यातली तारीख आणि अनुभवाचा दाखला आल्याशिवाय ते बिल सोडू नका. माझ्या मते तुमच्या सगळ्या कार्यक्रमांपेक्षा या एका कागदी कामाने जास्त माणसं जोडली जातील.

सहा कर्णबधिर कामगारांचं सांगतो. अशा मुलांची भरती झाली की फोटो निघतात, पुढे दोन वर्षांत बदल आला की सगळ्यात आधी तीच बाहेर फेकली जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. का, ते बघा. शिफ्टचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. सुपरवायझर टाइप करायचा कंटाळा करतात, सगळ्या सूचना व्हॉइस नोटमध्ये असतात. 'उद्या सेकंडवाले फर्स्टला या रे' हे आवाजात गेलं की ती मुलं दुसऱ्या दिवशी दुपारी गेटवर येतात आणि मस्टरवर गैरहजेरी लागते. तीनदा झालं की 'बेजबाबदार' असा शेरा. म्हणून नियम करा: पाळी, जागा, तारीख याबद्दलची सूचना लिहूनच जाईल. सकाळी काम सुरू होण्याआधीच्या पाच मिनिटांच्या सूचनांना, म्हणजे टूलबॉक्स टॉकला, सुपरवायझर मशीनकडे तोंड करून बोलतो, त्याला वळून उभं राहायला सांगा. मोठ्या सभेला सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलवा. पुण्यात मिळतात, आठ दिवस आधी ठरवावं लागतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ आणि त्याच्या नियमांनुसार २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. तुमचं असेल तर ते भोसरीच्या इमारतीसाठी लिहिलेलं असेल, ते चाकणसाठी पुन्हा लिहा.

चाकणचं ड्रॉइंग अजून कागदावर आहे ना? मग आजच प्रोजेक्टवाल्यांकडे जा. फायर अलार्मला लुकलुकणारे दिवे, फोर्कलिफ्टला जमिनीवर पडणारा निळा झोत, असेंब्ली लाइनपासून महिलांच्या स्वच्छतागृहाचं अंतर, मुख्य दारापाशी पायऱ्यांऐवजी उतार. आता या चार रेघा आहेत. काँक्रीट पडल्यावर त्याची चार पत्रं होतात आणि पुढच्या बजेटला जातात.

आता त्रासाची वाटणी. यात सगळ्यात मोठी बाब बस आहे, आणि ती बहुतेक ठिकाणी ॲडमिनच्या ज्युनिअर माणसाकडे सोपवलेली असते.

नकाशावर भोसरी ते चाकण फार लांब नाही. पण नाशिक रस्त्यावर मोशी सोडली की पुढे चिंबळी फाटा, आळंदी फाटा आणि तळेगाव चौक इथलं ट्रॅफिक ज्याने भोगलंय त्याला विचारा. आता एक माणूस घेऊन बघू. दिघीत राहणारी, पस्तिशीची, इन्स्पेक्शनला काम करणारी बाई. भोसरीला ती शेअर रिक्षाने वीस मिनिटांत पोचते. चाकणला पहिली पाळी सातला सुरू, म्हणजे बस साडेपाच-पावणेसहाला. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी येतं. दिघीसारख्या भागात ज्या दिवशी पाण्याची वेळ पहाटेची असते, त्या दिवशी तिला बस आणि पाणी यातलं एक निवडावं लागणार. मुलाची शाळेची व्हॅन साडेसहाला, त्याला व्हॅनपर्यंत कोण सोडणार? नवरा थर्ड शिफ्टवरून त्याच वेळी परतत असेल तर जमेल, नसेल तर नाही. ही बाई राजीनामा देताना कारण 'घरगुती' असं लिहील. तुमच्या अहवालात तेच जाईल आणि वर कुणीतरी म्हणेल, बायकांना लांबचं झेपत नाही.

म्हणून बसचे मार्ग ठरवण्याआधी प्रत्येकाचा पत्ता, पाळी आणि घरातली अडचण एका कागदावर घ्या, कंत्राटी धरून. मग तुम्ही स्वतः पहिल्या पाळीची बस पहिल्या थांब्यापासून पकडा. एकदा पावसात. थांब्यावर दिवा आहे का, शेवटच्या थांब्यापासून घर किती लांब, कंत्राटी पोरांना बसमध्ये चढू देतात का की 'ही परमनंटची बस' असं ड्रायव्हर सांगतो, हे तिथेच कळतं. हो, असं अजूनही होतं. अर्ध्या रिकाम्या बसशेजारी उभं राहून कंत्राटी कामगार सहा सीटच्या रिक्षाची वाट बघत असतात. कायद्याच्या दृष्टीने सातची पाळी रात्रपाळी नाही, पण पहाटे साडेपाचला अंधारात थांब्यावर उभी असलेली बाई ती रात्रच धरते. पाळी साडेसातला सुरू करता आली तर बघा. ग्राहकाच्या गाड्यांच्या वेळेशी ते जुळतं का एवढंच पाहायचं असतं, बऱ्याचदा जुळतं, आणि कुणी विचारलेलंच नसतं.

पाळणाघराचंही तसंच. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर ते कायद्याने द्यावं लागतं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. भोसरीत 'घर जवळ आहे, कुणी मागत नाही' म्हणून चालून गेलं असेल. चाकणला चालणार नाही. आणि आत्ता प्रसूती रजेवर कोण आहेत त्यांची यादी आजच काढा. २६ आठवड्यांच्या रजेत कंपनीचा पत्ता बदलतो, लाइन मोडते, सुपरवायझर बदलतो. एका ठिकाणी रजेवरच्या मुलीला कारखाना हलल्याचं कळलं ते बसच्या ड्रायव्हरकडून, भाजी बाजारात. तिची लाइन बंद झाली होती, नव्या लाइनच्या ट्रेनिंगच्या यादीत तिचं नाव घालायचं कुणालाच सुचलं नव्हतं. कुणी मुद्दाम केलं नाही. बदलाच्या धांदलीत जो समोर दिसत नाही तो यादीतून गळतो, लांबच्या आजारपणात असलेले लोक आणि गावी गेलेले कंत्राटी कामगार यांचंही असंच होतं.

वाळूजच्या लोकांबद्दल तुम्ही प्रश्नात एक ओळ लिहिलीय. मला वाटतं सगळ्यात जास्त ठिणग्या तिथेच उडणार आहेत. घर, मुलांच्या शाळा, म्हातारे आईबाप, बँकेचं कर्ज, सगळं छत्रपती संभाजीनगरला ठेवून ही माणसं येणार. खराबवाडी-महाळुंग्याला एका खोलीत चौघे राहणार आणि शनिवारी रात्री एसटी धरणार. भोसरीवाल्यांच्या डोळ्यांना मात्र ते 'कंपनीने भत्ता देऊन आणलेले' दिसतील. भत्ता किती, किती महिने, हे उघड करा. लपवलेला भत्ता कँटीनमध्ये दुप्पट होऊन फिरतो.

खरा स्फोटक कागद म्हणजे सेवाज्येष्ठता यादी. दोन युनिटं एकत्र झाली की ऑपरेटर 'ए' ग्रेड इकडचा आणि तिकडचा सारखा का? नोकरीची तारीख मूळ कंपनीची धरायची की समूहाने घेतल्याची? कायद्याचं मूळ तत्त्व जुनंच आहे: आस्थापना हस्तांतरित झाली तर नोकरीत खंड पडता कामा नये, अटी आधीपेक्षा कमी होता कामा नयेत आणि मागच्या सेवेची जबाबदारी नव्या मालकावर यायला हवी, नाहीतर भरपाई द्यावी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, औद्योगिक विवाद कायदा त्यांपैकी एकीत विलीन झालाय. पण पगार, कामाचे तास, पाळ्यांची रचना यांत बदल करायचा तर २१ दिवसांची नोटीस, हे आधीही होतं आणि आताही आहे. २० किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती हवी, त्यात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने आणि महिलाही त्यांच्या प्रमाणात. ही समिती चाकणला गेल्यावर करू असं म्हणू नका. आत्ताच दोन्ही युनिटांची मिळून करा आणि तिला पहिलं काम ज्येष्ठता यादीचं द्या. मसुदा दोन्ही गेटवर लावा, हरकतींना महिनाभर द्या, प्रत्येक हरकतीचं उत्तर लेखी द्या. दोन्हीकडच्या युनियनच्या पुढाऱ्यांना आधी एकत्र चहाला बसवा. ते एकमेकांना ओळखत असतात, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा चांगले. मॅनेजमेंटने दोघांना वेगवेगळं गाठून वेगवेगळं सांगितलं की मात्र ते ओळख विसरतात.

इलेक्ट्रिककडे वळण्याची गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी, कारण त्यात वयाचा भेद अलगद शिरतो. क्लच, पिस्टन, सायलेन्सर यांचं काम कमी होणार. मोटर, वायर हार्नेस, बॅटरीचे खोके यांचं वाढणार. ट्रेनिंगला नावं मागितली की सुपरवायझर डिप्लोमा झालेली पंचविशीची मुलं देतो. पन्नाशीच्या टर्नरला कुणी विचारत नाही, तोही 'आता काय शिकायचंय' म्हणून गप्प बसतो, आणि वर्षभराने तोच सरप्लसच्या यादीत येतो. ट्रेनिंगची यादी वयोगट आणि परमनंट-कंत्राटी अशी फोडून बघा, चित्र लगेच दिसेल. कोर्स इंग्रजीत लॅपटॉपवर असेल तर तो मराठीत, मशीनपाशी, हाताने करून शिकवा. ज्या माणसाला कटिंगच्या आवाजावरून टूल बोथट झाल्याचं कळतं त्याला क्रिंपिंगचा, म्हणजे वायरचं टोक दाबून बसवण्याचा, दोष पकडायला शिकवणं अवघड नाही. त्याला परीक्षेच्या स्क्रीनची भीती असते, कामाची नसते. हाय व्होल्टेजची सुरक्षा मात्र सगळ्यांना सारखीच कडक, तिथे वयाची सवलत नाही.

कँटीन आणि युनिफॉर्म यावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण उपाय सरळ आहे आणि सगळ्यांना माहीत आहे. एक कँटीन, एक रांग, एक ताट. नव्या संहितेत कंत्राटी धरून १०० कामगार असले की कँटीन लागतंच, मग त्याच्या आत भिंत घालू नका. युनिफॉर्मचा रंग नोकरीच्या प्रकारावरून नको. रंग हवाच असेल तर प्रथमोपचार येणारा, फोर्कलिफ्ट चालवणारा, नवा आलेला, असा कामावरून द्या. सुरक्षेलाही तेच बरं.

सणांचं मात्र बारकाईने बघा. आपल्याकडे खंडेनवमीला मशीनची पूजा होते, झेंडूची तोरणं, पेढे, त्या दिवशी मॅनेजर शॉपवर येतो. बिहार-उत्तर प्रदेशकडच्या मुलांची विश्वकर्मा पूजा १७ सप्टेंबरला. ती मुलं मागच्या शेडमध्ये गुपचूप वर्गणी काढून फोटो लावतात आणि लाइन न थांबवता नमस्कार करतात. चाकणला पहिल्या वर्षी १७ सप्टेंबरला प्लँट हेडने अर्धा तास तिथे जाऊन उभं राहावं, एवढंच. खर्च नारळाचा. १४ एप्रिलची जयंती मेन गेटला साजरी होते की पार्किंगमध्ये, हेही लोक बघत असतात. रमजानमध्ये सेकंड शिफ्टचा चहाचा ब्रेक रोजा सोडायच्या वेळेला सरकवता येतो, त्यासाठी कमिटी लागत नाही. छटपूजेला गावी जाणाऱ्यांच्या रजा दिवाळीच्या आधीच पक्क्या केल्या तर नोव्हेंबरात लाइन रिकामी पडल्याची बोंब होत नाही. आणि दिवाळीचा बॉक्स सगळ्यांना एकच. परमनंटला मिक्सर आणि कंत्राटीला अर्धा किलो सोनपापडी, असं एकाच गेटवर एकाच संध्याकाळी वाटताना मी पाहिलंय. त्यानंतर कुणी कितीही भाषण केलं तरी ऐकलं जात नाही.

एक बाब कुठल्याच एजन्सीच्या स्लाइडवर नसेल. नव्या ठिकाणी नवी माणसं एकत्र आली की पहिल्या आठवड्यात आडनावं विचारली जातात. 'गाव कुठलं? पाहुणे कुठले?' यामागे काय शोधलं जातंय ते विचारणाऱ्यालाही कळतं आणि सांगणाऱ्यालाही. खोल्या त्यावरून वाटल्या जातात, डबा कुणी कुणाबरोबर खायचा ते ठरतं, हाउसकीपिंगला कोण लागतं हेही. पोस्टर लावून हे जात नाही. पण कामाच्या जागा, खोल्यांची सोय आणि लाइनवरच्या जोड्या कंपनीच्या हातात असतात. त्या सुपरवायझरच्या मर्जीवर सोडू नका, यादी तुम्ही करा आणि दर तिमाहीला बदला.

अंतर्गत समितीचंही आत्ताच बघा. लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा २०१३ प्रमाणे १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक जागेला स्वतंत्र समिती लागते, भोसरीची समिती चाकणला आपोआप लागू होत नाही. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, एक बाहेरची सदस्य, मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. बदलात सदस्य राजीनामे देतात, बदल्या होतात, आणि भिंतीवरच्या पोस्टरवर कंपनी सोडून गेलेल्या बाईंचा मोबाइल नंबर राहतो. त्या नंबरावर आज स्वतः फोन लावून बघा. कंत्राटी, ट्रेनी, अप्रेंटिस सगळ्या महिला या कायद्यात येतात. आणि कंपनीने दिलेली बससुद्धा कामाचं ठिकाण धरली जाते, म्हणून ड्रायव्हर-क्लीनरलाही ती माहिती द्या आणि पोस्टर बसमध्येही लावा.

हेड ऑफिस तुम्हाला आकडा मागणार. हसऱ्या चेहऱ्यांचा सर्व्हे ते पाठवतील, भरून द्या, पण त्यावर विसंबू नका. कामगार सुपरवायझरसमोर टॅबवर हसरा चेहराच दाबतो. तुम्ही स्वतःसाठी वेगळे आकडे ठेवा. चाकण सुरू झाल्यापासून पहिल्या ९० दिवसांत महिलांचे किती राजीनामे आले आणि कुठल्या बस मार्गावरून. सोमवारी वाळूजचे किती गैरहजर. तक्रार समितीकडे कंत्राटी कामगाराकडून एक तरी अर्ज आला का. आणि सगळ्यात बोलका आकडा सेफ्टीवाल्याकडे असतो: 'थोडक्यात वाचलो' अशा घटनांच्या चिठ्ठ्या. भोसरीत महिन्याला पंधरा येत असतील आणि चाकणला दोनवर आल्या, तर प्लँट सुरक्षित झाला असं समजू नका. लोकांनी सांगायचं बंद केलंय. कुठल्या लाइनवरून बंद झालं ते शोधा, तिथल्या सुपरवायझरपाशी बसा आणि बोर्डवरचे तीन रकाने त्या लाइनच्या माणसांनी शेवटचे कधी वाचले ते विचारा.

शेवटचं, पैशांबद्दल. एजन्सीच्या बजेटचा मोठा भाग अजून खर्च झाला नसेल तर तो बसच्या दोन जादा फेऱ्या, दुभाष्याचं मानधन आणि पाळणाघराच्या ताई यांच्याकडे वळवण्याचं पत्र याच महिन्यात पाठवा. आर्थिक वर्ष संपत आलं की कुठलंच हेड ऑफिस खर्चाचं हेड बदलू देत नाही.